वळसंगच्या रानात बायबलचा खजिना

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की वाटेत वळसंग येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव, आणि या पट्ट्यात मराठीइतकीच कन्नडही कानावर पडते. काळी रानं, मधूनच मुरमाड माळ, बांधाला बाभळी, रब्बीला ज्वारी. बायबलमधल्या बहुतेक गोष्टी ज्या मुलखात घडतात तो मुलूखही असाच आहे: पाऊस बेताचा, गाव विहिरीच्या आधाराने वसलेलं, रानात मेंढरं आणि घरांना मातीची सपाट छतं. असं असूनही नाताळच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत चर्चमध्ये मुलांसाठी ‘ट्रेझर हंट’ ठरली की इंटरनेटवरून नकाशे उतरवले जातात. त्यांत समुद्री चाचे असतात, नारळाची झाडं असतात आणि एका डोळ्यावर पट्टी बांधलेला कप्तान असतो. वळसंगच्या पोराने समुद्र पाहिलेला नसतो, आणि बायबलमध्ये तर तो कप्तान औषधालाही सापडत नाही.

चाच्यांचा नकाशा आला कुठून? मुख्यतः स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या 1883 सालच्या कादंबरीतून. मुलांना बायबलच्या गोष्टीतून काहीतरी शोधायला लावण्याची रीत मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे आणि ती ज्यू घरांतली आहे. वल्हांडण सणाच्या आदल्या रात्री घरात खमिराचा कणही राहू नये म्हणून दिवा घेऊन कोपरे धुंडाळतात. घर आधीच लख्ख झाडलेलं असतं, म्हणून शोधायला काहीतरी मिळावं यासाठी पुष्कळ घरांत दहा तुकडे मुद्दाम ठेवले जातात. सणाच्या रात्री बेखमीर भाकरीचा एक तुकडा लपवतात. तो पोरांनी शोधायचा, शोधणाऱ्याला बक्षीस, आणि तो तुकडा खाल्ल्याशिवाय जेवण पुरं होत नाही. लांबलचक विधीत लहान मुलं पेंगू नयेत, यासाठी काढलेली ही शक्कल. हा सण आपल्याला परका नाही. कोकणातून मुंबई-पुण्याला आलेल्या बेने इस्राएल समाजाने वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह 1874 साली पुण्यात छापली होती.

खुद्द बायबलमध्येही शिकवण्याची हीच तऱ्हा दिसते. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडतात तेव्हा पात्रातून बारा धोंडे उचलून काठावर आणून रचतात. कशासाठी? पुढे मुलं विचारतील की हे दगड कसले, तेव्हा सांगता यावं म्हणून. आधी डोळ्यांसमोर वस्तू, मग मुलाचा प्रश्न, आणि शेवटी मोठ्यांची गोष्ट, असा क्रम आहे. आपल्या संडे स्कूलमध्ये हा क्रम नेमका उलटा होतो. आधी गोष्ट, मग प्रश्न, आणि प्रश्नही टीचरच विचारणार.

सुट्टीतल्या बायबल शाळेची सुरुवातही बाकावर बसवून शिकवण्याच्या हौसेतून झाली नाही. 1898 साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज नावाच्या बाईंनी उन्हाळी सुट्टीत रस्त्यावर उंडारणाऱ्या मुलांसाठी चक्क दारूचा एक गुत्ता भाड्याने घेऊन वर्ग भरवला. गाणी, गोष्टी, हस्तकला, खेळ असा तो मामला होता. आज आपण ज्याला व्हीबीएस म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. आणि सोलापूर याबाबतीत मागे नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अमेरिकन मराठी मिशनच्या मेरी हार्डिंग सोलापुरात फ्रोबेलच्या पद्धतीची, म्हणजे खेळातून शिकवणारी, बालशाळा चालवत होत्या. तेव्हा खेळातून शिकवणं हे काही नवं फॅड आहे असं कुणी पाळकसाहेब म्हणाले, तर त्यांना सोलापूरचाच दाखला द्यावा.

आता मुद्द्यावर येऊ. बायबलवर बेतलेला खजिन्याचा शोध पुष्कळ ठिकाणी होतो, पण तो नुसता नावाला धावपळीचा असतो. चिठ्ठी सापडते, चिठ्ठीत प्रश्न असतो: योनाला कुणी गिळलं? मुलं ‘मोठा मासा’ असं ओरडतात आणि पुढच्या चिठ्ठीकडे पळतात. यात पळणं एकीकडे आणि बायबल दुसरीकडे राहतं. बायबल काढून तिथे सामान्य ज्ञान घातलं तरी खेळात फरक पडणार नाही. माझ्या मते कसोटी एकच: मूल जे अंगाने करतं तेच गोष्टीतल्या माणसाने केलेलं असलं पाहिजे. त्याने उचललं तर मुलानेही उचलायचं, तो गप्प राहिला तर मुलानेही गप्प राहायचं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल करावी असं सांगते, तीही यात आपसूक होते. पण तो वरकड फायदा म्हणायचा.

वळसंगसारख्या गावात खेळ या कसोटीला सहज उतरतो. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली पक्षघाती माणसाची गोष्ट घ्या. घरात एवढी गर्दी की दारातून शिरता येईना, म्हणून चौघे मित्र त्याला छतावर नेतात, छत उकरतात आणि बाजेसकट खाली सोडतात. मुंबईतल्या फ्लॅटमधल्या मुलाला हे कळतच नाही. छत उकरतील कसं? वरच्या मजल्यावरचे लोक काय म्हणतील? सोलापूरकडच्या मुलाने मात्र माळवदाचं घर पाहिलेलं असतं, निदान आजोळी. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, वर मातीचा जाड थर आणि उजेडासाठी ठेवलेलं साणं. तिथून माणूस खाली सोडता येईल हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

या गोष्टीचा मुक्काम असा लावावा. एक सोलापुरी चादर पसरायची. जीआय मानांकन मिळालेली ही चादर या जिल्ह्यात घरोघर असते आणि विणीला इतकी दणकट की चौघांनी चार टोकं धरून ओढली तरी हूं की चूं करत नाही. तिच्यावर पाच-सहा किलो ज्वारी भरलेलं पोतं झोपवायचं. पोत्याला डोकं, डोळे, मिशी काढली तर उत्तम. चौघांनी चार टोकं धरून हा ‘आजारी मित्र’ पन्नास-साठ पावलं न्यायचा, वाटेत एक बांध ओलांडायचा आणि झाडाला बांधलेल्या दोरीवरून पलीकडे अलगद उतरवायचा. तो पडला तर पुन्हा सुरुवातीपासून. इथे बघण्यासारखं एक घडतं. पहिल्या दहा पावलांत चौघे चार दिशांना ओढतात, पोतं गडगडतं, भांडण होतं. मग त्यांच्यातलाच कुणीतरी ‘डावा, उजवा’ असा ठेका धरतो आणि चादर समतल होते. त्या चौघांची नावं बायबलमध्ये नाहीत, पण एकमेकांशी जमवून घेतल्याशिवाय त्यांना ते काम जमलं नसतं, हे पोरांना बोटं दुखल्यावर कळतं. गटात न धावू शकणारं मूल असेल तर त्याला या मुक्कामावर ठेका द्यायचं काम द्यावं, पण पोत्याच्या जागी त्याला झोपवू नये. हे सांगावं लागतं, कारण हौशी कार्यकर्ते नेमकं तेच करतात.

दावीद आणि गल्याथ ही तर सोलापूरचीच गोष्ट वाटावी. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायची ती गोफणीने, आणि पहिल्या शमुवेलाच्या सतराव्या अध्यायात मेंढपाळ पोराच्या हातात तीच आहे. दगड मात्र मुलांच्या हाती देऊ नयेत. चिंध्यांचे घट्ट बांधलेले पाच गोळे पुरेत, पाचच, कारण दाविदाने ओढ्यातून पाचच गोटे उचलले होते. त्याहून मजेचं काम आहे गल्याथ मोजण्याचं. त्याची उंची सहा हात आणि एक वीत दिली आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आपल्याकडच्या म्हाताऱ्या आजही दोरी अशीच मोजतात. मोठ्या माणसाच्या हाताने मोजलं तर हा गडी पावणेदहा फुटांच्या घरात जातो. मुलांनी आपापल्या हाताने मोजून भिंतीवर खडूने रेघ ओढायची. प्रत्येक गटाची रेघ वेगळी येणार आणि कुणाचा गल्याथ खरा यावरून वाद होणार. हा वाद मिटवू नका. त्यांना एवढंच सांगा की मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या शमुवेलाच्या जुन्या प्रतीत आणि काही ग्रीक प्रतींत सहाच्या जागी चार हात लिहिलेले आहेत, आणि मोठी माणसंही या वादातून अजून बाहेर आलेली नाहीत.

मैदान मोठं असेल तर याच मापाने नोहाचं तारू आखता येतं. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद. तीस हातांची दोरी करून ती दहा वेळा टाकायची. दहा वर्षांच्या मुलाचा हात फूट-सव्वा फुटाचा धरला तरी तारू तीनशे फुटांच्या वर जातं. तेवढी सलग जागा गावात कुठे आहे हे शोधणं हेच एक कोडं होऊन बसतं.

गणनाच्या तेराव्या अध्यायात मोशे बारा हेर कनान देशात पाठवतो. परतताना ते द्राक्षांचा एवढा मोठा घड आणतात की तो दांडीला अडकवून दोघांना खांद्यावर वाहावा लागतो, शिवाय डाळिंबं आणि अंजिरंही असतात. द्राक्ष आणि डाळिंब ही तर सोलापूर जिल्ह्याचीच पिकं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही 2005 पासून सोलापुरातच आहे. दोन मुलांच्या खांद्यावर एक बांबू, मधोमध टोपली, टोपलीत डाळिंबं. नांगरटीतून, ढेकळांवरून न सांडता न्यायची. जोडीतला एक उंच आणि एक बुटका असेल तर टोपली सरळ बुटक्याकडे घसरते आणि सगळा भार त्याच्यावर येतो. मग उंच पोराने गुडघ्यात वाकायचं की टोपली बांधून घ्यायची, हे त्यांचं त्यांना सुचू द्यावं.

यरीहोचा मुक्काम सर्वांत स्वस्त. सामान फारसं लागत नाही. इस्राएल लोकांनी त्या नगराच्या तटाभोवती सहा दिवस रोज एक फेरी मारली आणि सातव्या दिवशी सात, म्हणजे एकूण तेरा. वेळेअभावी सातच माराव्यात. अट अशी की सातही फेऱ्या तोंडातून शब्द न काढता मारायच्या आणि शेवटी एकदम बोंब ठोकायची. आठ-दहा वर्षांच्या पोरांना सात फेऱ्या गप्प ठेवणं हे गल्याथाला पाडण्याइतकंच अवघड. कुणी फिसकन हसलं की फेरी पहिल्यापासून. यासाठी गावातली पडकी भिंत मात्र निवडू नये. यरीहोची पडली तशी तीही पडायची. खोक्यांची रचलेली भिंत बरी.

पेरणाऱ्याच्या दाखल्यावरून शेतकऱ्याची मुलं तुम्हाला धारेवर धरणार, याची तयारी ठेवा. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला पेरणारा वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत सगळीकडे बी टाकतो. वळसंगचं पोरगं म्हणणार, असा कोण पेरतो? आमचे आबा तिफणीने काकरीत मोजून बी सोडतात. पोराचं बरोबर आहे. तिकडे तेव्हा बी हाताने फोकून पेरत, त्यामुळे ते कडेला उडून जाई. एवढं सांगितलं की पोराचं समाधान होतं. मग गटाला चार कागदी पुड्या द्यायच्या आणि एकाच शेताच्या कडेने चार तऱ्हेची माती आणायला पाठवायचं: पायवाटेची तुडवलेली, मुरमाची, बाभळीखालची आणि काळी. बाभळीखालची आणताना चपला पायात हव्यात.

हे सगळे मुक्काम जोडायचे ते चिठ्ठ्यांनी, आणि घोडं पेंड खातं ते इथेच. बायबलच्या मुलखात सापडलेल्या एका खऱ्याखुऱ्या खजिन्याच्या यादीतून याबद्दल शिकण्यासारखं आहे. मृत समुद्राच्या काठी कुमरान इथल्या एका गुहेत 1952 साली तांब्याच्या पत्र्याची गुंडाळी मिळाली. गंजून ती इतकी ठिसूळ झालेली की उलगडेना. शेवटी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला नेऊन करवतीने तिच्या पट्ट्या कापाव्या लागल्या. वाचली तर तिच्यात साठाहून अधिक ठिकाणांची यादी निघाली. अमुक पडक्या वास्तूत, अमुक पायऱ्यांखाली, इतके हात खोल, इतकं सोनं, इतकी चांदी. त्यांतलं काहीही आजवर हाती लागलेलं नाही. लिहिणाऱ्याच्या मनात जागा स्वच्छ होती, पण ती विहीर कुठली, ते पडकं घर कुणाचं, हे शोधणाऱ्याला आज कळत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या टीचरचं हेच होतं. ‘जिथे तहानलेले येतात’ असं लिहून ती मोकळी होते; तिच्या मनात शाळेमागचा हापसा असतो आणि मुलं पाण्याची टाकी, ओढा, रसवंती, चहाचा गाडा सगळं पालथं घालतात. एका चिठ्ठीला एकच जागा निघाली पाहिजे. आदल्या दिवशी गावातल्याच एखाद्या मोठ्या मुलाला सगळ्या चिठ्ठ्या वाचायला द्याव्यात. तो जिथे अडखळेल ती चिठ्ठी फाडून नवी लिहावी.

चिठ्ठीत गोष्ट आणि जागा दोन्ही याव्यात. नमुन्यादाखल दोन रचून देतो. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या जक्कयासाठी:

उंचीने ठेंगू, पैशाने मोठा,
गर्दीत दिसेना, चढला वरती;
फळं लागती ज्याच्या खोडाला,
शोधा ते झाड, बसा भोवती.

खोडाला फळं लागणारं झाड म्हणजे उंबर, हे खेड्यातली पोरं पटकन ओळखतात. येशूला पाहायला जक्कय ज्यावर चढला तेही उंबराच्याच कुळातलं झाड होतं. आणि चादरीच्या मुक्कामासाठी:

दारात माणसांची झाली दाटी,
चौघांनी केली मित्रासाठी आटाआटी;
वाट नव्हती खालून, काढली वरून,
चादरीची चार टोकं घट्ट धरून.

एखादी चिठ्ठी कन्नडमध्ये द्यावी. ज्या गटात कन्नड वाचणारं कुणी नसेल त्याने गावातल्या कुणालातरी गाठून ती वाचून घ्यावी. वळसंगला असा माणूस शोधायला दहा पावलंसुद्धा चालावी लागणार नाहीत, आणि घरी कन्नड बोलणारी जी मुलं मराठी चिठ्ठ्यांपुढे जरा बुजतात ती अचानक गटाची पुढारी होतात. चिठ्ठ्या ठेवायच्या त्याच दिवशी पहाटे. रात्री ठेवल्या तर दवाने भिजतात, आणि शेळ्यांना कागद वर्ज्य नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून फांदीला टांगलेली चिठ्ठी सर्वांत टिकाऊ.

वळसंगमध्ये एक जागा अशी आहे की तिथे चिठ्ठी ठेवू नये, पण तिथे गेल्याशिवाय हा शोध पुरा होणार नाही. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले होते आणि दलित समाजाच्या विहिरीचं उद्घाटन त्यांच्या हातून झालं होतं. सार्वजनिक पाणवठ्यावर ज्यांना पाणी भरू दिलं जात नव्हतं त्यांची ती विहीर. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी दमून एका विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहूदी माणूस शोमरोन्यांचा विटाळ मानणारा, तो तिच्या भांड्यातलं पाणी मागतोच कसा? शहरातल्या संडे स्कूलमध्ये हा विटाळ समजावून सांगायला टीचरला पंधरा मिनिटं लागतात. वळसंगला विहिरीकडे नुसतं बोट दाखवलं तरी पुरे. बाबासाहेबांचा सोलापूरच्या ख्रिस्ती समाजाशीही संबंध आला होता. 1938 च्या सुरुवातीला त्यांनी सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत केलेलं भाषण ‘जनता’ पत्रात छापून आलं होतं. या मुक्कामी शर्यत थांबवावी. घड्याळ बंद, धावणं बंद, कठड्यापासून लांब बसून गोष्ट ऐकायची. मग प्रत्येकाने आपली पाण्याची बाटली शेजारच्या गटातल्या मुलाला द्यायची आणि त्याची आपण प्यायची. मुलं हे विनातक्रार करतात. कुणाच्या आईने आक्षेप घेतला तर ती गोष्ट तिलाही सांगावी.

खजिना कुठला, हा खेळाचा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर मत्तय 13:44 मध्ये तयार आहे: शेतात लपवलेला ठेवा एका माणसाला सापडतो आणि तो आपलं होतं नव्हतं ते विकून ते शेत विकत घेतो. त्यासाठी चार आकडी कुलूप आणावं. चार गट करायचे, प्रत्येकी सहा मुलं आणि एक ताई किंवा दादा. प्रत्येक गटाला वाटेत एक आकडा मिळेल: एक, तीन, चार, चार. कुलूप 1344 ला उघडतं. एकट्या गटाला पेटी उघडता येत नाही, त्यामुळे पहिला आलेला गट बाकीच्यांची वाट पाहतो, मग लवकर या म्हणून त्यांना हाका मारू लागतो. आकड्यांचा क्रम कळायला मुलांनी मत्तयाचं पुस्तक उघडावं ही अपेक्षा. एखादं बिलंदर पोरगं हिशोब करेल की या चार आकड्यांच्या मांडण्या बाराच होतात आणि एकेक फिरवून पाहील. पाहू द्यावं. त्याला गणित येतं, हेही कमी नाही.

पेटी उघडण्याआधी एक अट घालावी. प्रत्येक मुक्कामी गटाला सोड्याच्या बाटलीची दोन-तीन झाकणं नाणी म्हणून द्यायची. मुलं ती खिशात जपतात, मोजतात, दुसऱ्या गटापेक्षा आपली जास्त म्हणून मिरवतात. शेवटी पेटीपाशी सांगायचं: खजिना हवा असेल तर सगळी झाकणं इथे टाका, एकही मागे ठेवायचं नाही. क्षणभर शांतता होते. एखादा मूठ घट्ट आवळतो. दाखल्यातल्या माणसाने काय सोडलं हे समजायला तेवढा क्षण पुरतो, वर प्रवचन जोडू नये. पेटीत चॉकलेट नको, सोलापूरच्या हवेत ते वितळतं. शेंगांची चिक्की, डाळिंब, पेन्सिल आणि वाटायचंच असेल तर एखादं छोटं शुभवर्तमान, तेही ज्यांच्या घरून होकार आहे त्यांनाच.

पेटी जमिनीत मात्र पुरू नका. खेड्यात मुलं नकाशा घेऊन कुणाच्या रानात खणू लागली की अर्ध्या तासात गुप्तधनाची बातमी पंचक्रोशीत पोचते. गुप्तधनाच्या नादात होणारे अघोरी प्रकार 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलेले आहेत आणि लोक या विषयात हळवे असतात. शिवाय 1878 चा एक जुना कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं. डाळिंबाची पेटी घेऊन कलेक्टर कचेरीत जायची वेळ येऊ नये. कडब्याच्या गंजीआड किंवा गोठ्यात चादरीखाली ठेवलेली पेटी पुरते.

परवानगीच्या बाबतीत आडपडदा नको. मुलं वेगवेगळ्या धर्मांच्या घरांतून येणार असतील तर खेळ बायबलच्या गोष्टींवर आहे हे पालकांना आधी स्पष्ट सांगून सही घ्यावी. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं संविधानाचं अठ्ठाविसावं कलम सांगतं. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेला यात ओढू नये. ओळखीच्या शेतकऱ्याचं रान, चर्चचं आवार आणि गावातली वाट एवढ्यात काम भागतं. सरपंचांना आणि रानाच्या मालकाला आधी भेटून यावं.

धोका तीन गोष्टींचा: विहीर, विंचूकाटा आणि ऊन. कठडा नसलेली विहीर शोधाच्या वाटेपासून लांब असली पाहिजे, आणि जवळून वाट जातच असेल तर तिथे मोठं माणूस उभं हवं. हात घालून काढावी लागेल अशी चिठ्ठी कुठेही ठेवायची नाही, दगडांच्या ढिगात तर मुळीच नाही. चिठ्ठी नेहमी डोळ्यांच्या उंचीवर आणि दिसेल अशी, हा नियम मुलांनाही सांगून ठेवावा, म्हणजे ती भलतीकडे हात घालत नाहीत. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा खेळ करायचाच असेल तर सकाळी साडेसहाला सुरू करून नवाच्या आत आटोपावा, ताक आणि मीठ-साखरेचं पाणी तयार ठेवावं. खरं तर हा खेळ उन्हाळ्याचा नाहीच. नाताळच्या सुट्टीत हवा गार असते, ज्वारी उभी असते, पायाखाली चिखल नसतो. सहा मुक्काम, प्रत्येकी दहा मिनिटं आणि मधलं चालणं धरून दीड-दोन तासांत सगळं उरकतं. चार गटांनी चार वेगवेगळ्या मुक्कामांपासून सुरुवात करावी, म्हणजे एकाच उंबराखाली चोवीस मुलं जमत नाहीत.

खर्च म्हणाल तर कुलूप, चिक्की आणि डाळिंबं. चादर, पोतं, बांबू, गोफण आणि उंबर गावातच आहेत. येत्या नाताळात करून पाहायचं असेल तर दिवाळी संपल्याबरोबर एकदा वळसंगला, किंवा तुमचं जे गाव असेल तिथे, पायी फेरफटका मारून या. उंबर कुठे आहे, बांध कुठला ओलांडता येतो आणि कुठल्या विहिरीला कठडा नाही, हे घरात बसून ठरत नाही.